सुकदेव नानाचा फुकट सल्ला

देवपुरात सुकदेव नानाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटर आणा, नाना ठणठणीत करून देतो, वर सल्ला फुकट. कोणती मुलगी कोणत्या घरी द्यावी, गुडघेदुखीला काय लावावं, सगळं नानाच्या जिभेवर. विचारायचीसुद्धा गरज नाही.

त्याची पोरगी उषा दहावीत गेली तेव्हा घरात फर्मान निघालं. टीव्ही बंद, लग्नकार्यं बंद, खो-खो बंद. "खो-खो खेळीसन कोन डॉक्टर व्हयना? दहावीनं वरीस शे. सायन्सले नंबर लागाले पाहिजे!"

उषा म्हणजे शाळेच्या संघाचा कणा. तिने बूट माळ्यावर टाकले आणि मुकाट पुस्तक उघडलं. नानाने शेजारच्या भिकुबाईलाही तोच डोस पाजला, कारण तिची मेघा त्याच संघात होती. पण भिकुबाई बधली नाही. "नाना, पोर हासस-खेळस, मन्हा जीवले बरं वाटस." नाना म्हणाला, पुढच्या वर्षी रडशील.

त्या वर्षी मेघाचा संघ राज्य पातळीवर खेळून आला. निकालात उषाला एकोणऐंशी टक्के, मेघाला अडुसष्ट. नानाने गल्लीत पेढे वाटले आणि भिकुबाईला मुद्दाम दोन जास्त दिले.

मग अकरावीची यादी लागली. नानाने हेरलेल्या कॉलेजात सायन्स एक्क्याऐंशीवर बंद झालं. मेघा मात्र खेळाडूंच्या राखीव जागेतून आत गेली! आता भिकुबाई पेढे घेऊन आली. बिचारी एक शब्द टोचून बोलली नाही, तेच नानाला जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी तो उषाला घेऊन, तिची आठवीतली तालुक्याची प्रमाणपत्रं काखोटीला मारून कॉलेजात गेला. क्लार्कने ती उलटसुलट पाहिली. "काका, राज्य पातळीचं आहे का?" कुठून असणार? राज्यावर संघ गेला तेव्हा उषा घरात गणितं सोडवत होती.

येताना पांझरा नदीच्या पुलाच्या तोंडाशी नानाने गाडी बाजूला घेतली. "तू तव्हय काबरं बोलनी नही?"

"तुम्ही इचारं कव्हय?" उषा म्हणाली. रागाने नाही, साधंच. "आनि सायन्सबी मले लेनं नव्हतं, नाना. मले कॉमर्स लेनं व्हतं."

दोन टक्क्यांचं दुःख नाना तिथल्या तिथे विसरला. अख्ख्या देवपुराला सल्ले वाटले आणि घरातल्या पोरीला सोळा वर्षांत एक प्रश्न विचारला नाही, याची त्याला खरोखर लाज वाटली.

दुसऱ्या फेरीचा अर्ज त्याच संध्याकाळपर्यंत भरायचा होता. नानाने मोबाइल उषाच्या हातात दिला. ती पुलाच्या कठड्याला टेकून एकेक कॉलेज निवडू लागली.

"मी काय म्हनस..." नानाने तोंड उघडलं.

उषाने वर पाहिलं.

"काही नही. भर तू."