गालिच्याला फाउंडेशन बोल्ट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा नाकात गेला म्हणून माझ्या नावानं ओरडू नका! कारण हा मूर्खपणा अगदी सोळा आणे माझाच आहे.

पंचावन्न-छप्पन्न सालची गोष्ट. पिंपरीत नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यातल्या एकात मी फिटर. लेथ असो, पंप असो, जमिनीत बोल्ट गाडून मशीन असं बसवायचो की हत्तीनं ढकललं तरी हलायचं नाही! राहायला कंपनीची एक खोली. पुढं दार, मागं गजांची खिडकी आणि खाली सिमेंटची जमीन. तीही ओलसर.

बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, चाकणजवळच्या खेड्यात. मुलगा रांगायला लागला तरी सासरे तिला धाडेनात. आबांचं एकच म्हणणं, "वल्ल्या जमिनीवर माझा नातू रांगायचा न्हाई. आधी जमिनीचं बगा, मग लेक न्या."

आता तुम्हीच सांगा, इतके महिने स्वतःच्या हातच्या करपलेल्या भाकऱ्या खाणाऱ्याला दम निघेल का? त्यातून माझा स्वभाव असला. चहाला उकळी फुटायच्या आधीच मी तो कपात ओततो!

खडकीच्या लिलावात एका साहेबाचा जुना गालिचा मिळाला. लालभडक, जाड, अख्खी खोली झाकेल एवढा. असले गालिचे बसवायचं काम पुण्याच्या कॅम्पातले इस्माईलचाचा करायचे. त्यांना आणलं. त्यांनी जमिनीवर हात फिरवला आणि म्हणाले, "बेटा, पहिले जमीन सुकू दे. आठ दिवसांनी येतो."

आठ दिवस! आबा रविवारी लेकीला घेऊन खोली बघायला येणार होते.

"चाचा, तुम्ही नेमकं करता तरी काय?"

"कडेनं लाकडाच्या खुंट्या, त्यात बारीक खिळे. बस."

"एवढंच? अहो, मी अवजड मशीनं बसवतो!"

चाचा पानाचा डबा उचलून निघून गेले.

शुक्रवारी पाळी संपल्यावर जमिनीत भोकं पाडून सिमेंटात बोल्ट गाडले. किती? चोवीस! रविवारी सकाळी ओल वर येऊ नये म्हणून खाली पोती अंथरली, त्यावर गालिचा, आणि दोन्हींना भोकं पाडून बोल्टांची टोकं वर काढली. उंबऱ्यापर्यंत नीट बसावा म्हणून दार लावून घेतलं. वॉशर घातले, नट घातले आणि पान्यानं असे कसले की विचारू नका. आता मशीन हादरून नट सुटतात, म्हणून आम्ही बोल्टाचं टोक ठोकून चपटं करतो. मग नट निघायचं नावच नको. तेही केलं! गालिचा कुठं हादरणार होता हो?

घाम पुसला, कडी काढली, दार ओढलं.

दार आतल्या बाजूला उघडायचं, राव! आणि दारापाशी पोती अन् गालिचा मिळून चार बोटं जाडी. दार हलेचना. पुन्हा जोर लावला, तर कडीच हातात आली.

आणि नेमकी बाहेरून हाक! "जावईबापू, आलो आमी!"

खरं सांगावं तर अब्रू जाणार. मी ओरडलो, "आबा, पाच मिनिटं! आत्ता आत येऊ नका!"

"का वं? दारातनं माघारी लावताय व्हय आमाला?"

तेवढ्यात शेजारचे गोविंदराव उगवले. नको तिथं हजर, हा माणूस! "तीन दिवस झाले आबा, आतून नुसती ठोकाठोक चाललीय. विचारलं तर बोलत नाहीत."

"आरं तिच्या! डोस्कं फिरलं का काय?"

"डोकं ठीक आहे माझं!" मी आतून किंचाळलो आणि रागानं एका नटावर हातोडा हाणला. झालं! बाहेर सगळ्यांची खात्रीच पटली.

मी विळी उचलली. गालिचा कापावा तर ओली जमीन उघडी पडणार, बायको परत माहेरी जाणार. न कापावा तर आबा दारातूनच परत जाणार. विळी हातात घेऊन मी नुसत्या येरझाऱ्या घालतोय, बोटं नटांवर ठेचकाळताहेत, तोंडानं "आई गं, मेलो" चाललंय. आणि मागच्या खिडकीतून, कडेवर बाळ घेऊन, बायको सगळं बघतेय!

"अहो, आधी ती विळी खाली ठेवा."

मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"दाराच्या बिजागऱ्या आतनंच हायेत न्हवं?"

"हो."

"मग त्यांच्या सळया ठोकून काढा आन् दार उचलून बाजूला ठेवा की!"

बारा वर्षं फिटर होतो मी, बारा वर्षं! पाच मिनिटांत दार भिंतीला टेकून उभं होतं.

आबा आत आले, ते थेट नटावरच. "आयायाय!" अंगठा धरून त्यांनी खोलीभर नजर फिरवली. चोवीस बोल्ट, सगळे अंगठाभर वर आलेले. "ह्यांच्यावर रांगवायचा व्हय माझा नातू? चल पोरी, माघारी!"

लेकराला अजून हातात घेतलंसुद्धा नव्हतं मी.

पण बायको जागची हलली नाही. "न्हाई आबा. पोरगं झोळीत ऱ्हाईल. मी आता हितंच ऱ्हाणार."

काय भरून आलं म्हणून सांगू! मी आबांकडं छाती फुगवून पाहिलं. शेवटी नवऱ्यावरची माया ती!

"आगं, पर का?" आबांनी विचारलं.

बाळ माझ्या हातात देत ती म्हणाली, "बिजागरी कुठं असती, ते ठावं असलेलं एक तरी माणूस घरात नको का?"