रांगेल तपासायला यायचा

गुलाबाच्या जाती तयार करणारं आमचं केंद्र लहानसं. सोफियाच्या बाजूनं आलात तर डोंगर उतरल्यावर लगेच. तिथं रांगेल दोचेव कॉम्प्युटर सांभाळायचा. १९८९ साली आमच्याकडे नऊ कॉम्प्युटर होते आणि विकत घेतलेला प्रोग्रॅम एकही नव्हता. सोफियाहून कुणी आलं की त्याच्या फ्लॉपीवरून उतरवून घ्यायचं. तेव्हा सगळा बल्गेरियाच असं करायचा.

पहिला व्हायरस असाच आला. कुणा विद्यार्थ्याची खोडी. संध्याकाळी पाचला सगळ्या खोल्यांतून गाणं वाजायचं. आम्हाला तो आवडलाच. "चला, यंत्रानंच सुट्टी दिली!" म्हणत आम्ही कोट चढवायचो.

दुसरा मात्र मुका होता. मधूनच डिस्कवरचा एखादा तुकडा गुपचूप पुसायचा. रांगेलला सुगावा लागला, तसा तो रोज सकाळी नऊही खोल्या फिरू लागला. स्वतःची फ्लॉपी घालून तपासायचा आणि कुठला कॉम्प्युटर कधी तपासला, ते त्याच फ्लॉपीवर नोंदवायचा. फ्लॉपीच्या खाचेवर पट्टी चिकटवली की तिच्यावर काही लिहिलं जात नाही, हे आम्हाला त्यानंच शिकवलं होतं. पण त्याला नोंदी करायच्या होत्या ना, म्हणून त्याच्या फ्लॉपीला पट्टी नव्हती. महिन्याभरानं त्यानं ती फ्लॉपीच तपासली, तर व्हायरस तिच्यातच बसलेला; रोज सकाळी त्यानंच तो खोलीखोलीत पोचवला होता. मेला नेटकेपणाच नडला!

सगळ्यात मोठा फटका बसला नेद्याल्काबाईंना. कुठल्या गुलाबाचा कुठल्याशी संकर केला, याच्या त्यांच्या अकरा वर्षांच्या नोंदी होत्या. "कागद उंदीर खातात हो," असं रांगेलनंच सांगितलं, म्हणून त्यांनी सगळं कॉम्प्युटरवर चढवलं आणि वह्या रद्दी गोळा करणाऱ्या शाळेच्या मुलांना दिल्या. आता कॉम्प्युटरवरच्या नोंदींची चाळण झाली होती, त्यांवरून फ्लॉपींवर उतरवून ठेवलेल्या प्रतींचीही. शेतात झुडपं फुललेली, पण कुणाचे आईबाप कोण, ते कुणालाच सांगता येईना.

रांगेल त्यांच्या दारात उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

"बाई, रोग मीच आणला. माझ्याच फ्लॉपीतून. शिव्या द्या, साहेबांना सांगा, काहीही करा."

"शिव्या देऊन काय उगवणार आहे?"

"पुन्हा सुरू करू. मी स्वतः रोज टाइप करायला बसतो. वह्याही ठेवू."

नेद्याल्काबाईंनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला.

"एक जात उभी करायला दहा वर्षं लागतात, रांगेल. माझी नोकरी दोनच वर्षं उरलीय."