भिंगवाल्या बाईंची काचपट्टी

आमच्या दवाखान्यात त्यांना खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. हजेरीपटावर नाव होतं, पण सगळ्यांच्या तोंडी एकच, भिंगवाल्या बाई. रक्त तपासायच्या खोलीत त्या सत्तावीस वर्षं बसल्या. त्यातली एकोणीस वर्षं मी समोरच्याच इंजेक्शनच्या खोलीत नर्स होते. मधे फक्त व्हरांडा. त्यामुळे सांगते ते ऐकीव नाही, डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

बाई उंचीला कमी आणि आवाजाला खणखणीत. वडील कापड रंगवायचे. रंग किती वेळ चढू द्यायचा, पाणी कधी मारायचं, हे त्यांना घरातच कळलं होतं, आणि काचपट्टीवर रक्ताचा थर रंगवताना तेच उपयोगी पडलं असं त्या सांगायच्या. नवरा बस दुरुस्तीच्या कारखान्यात होता, अगदी शांत माणूस. "घरात एकानं तरी गप्प बसायला नको का?" असं तो म्हणायचा. बाईंना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. मोठे साहेब, म्हणजे आमचे मुख्य डॉक्टर, आवाज चढवू लागले की बाई मान वळवून तोच कान पुढे करायच्या. साहेबांना हे शेवटपर्यंत कळलं नाही.

एका वर्षी दवाखान्यात मुठीत मावणारं एक यंत्र आलं. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, पट्टीवर लावायचा, की मिनिटाच्या आत हिमोग्लोबिनचा आकडा. यंत्र चांगलंच होतं, बाईंनीही ते वाईट आहे असं कधी म्हटलं नाही. पण पाठोपाठ साहेबांचा हुकूम आला. यापुढे लहान मुलांच्या काचपट्ट्या करायच्या नाहीत. वेळ जातो, रंग जातो, रांग वाढते. आकडा कमी आला की लोहाचं औषध लिहायचं, संपलं. जुन्या पट्ट्यांच्या लाकडी पेट्याही टाकून द्या.

"आकडा सांगतो रक्त किती कमी आहे," बाई मला म्हणाल्या. "का कमी आहे ते कोण सांगणार? यंत्राचा मामा?"

त्यांनी पेट्या टाकल्या नाहीत, घरी नेऊन पलंगाखाली सरकवल्या. आणि पट्ट्या करणंही थांबवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत एका हातात डबा आणि दुसरा हात मायक्रोस्कोपच्या चाकावर. मी म्हणायचे, "बाई, निदान चार घास तरी नीट खा." त्या म्हणायच्या, "खातेय की. डोळे मोकळेच आहेत."

अशात ते बाळ आलं. दहा महिन्यांचा मुलगा. आई चपलांना तळवे चिकटवायच्या कारखान्यात कामाला, बोटांना सरसाचे पापुद्रे. बरोबर तिची सासू. बाळ आईच्या खांद्यावर ओल्या फडक्यासारखं पडलेलं. केस विरळ आणि भुरके, बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडलेली, हात बारीक थरथरत होते. तीन महिने लोहाचं औषध चालू होतं. बाईंनी बोटाला सुई टोचली आणि त्या थबकल्या. बाळ रडलं नाही. हातही मागे घेतला नाही. नुसतं खिडकीकडे बघत राहिलं, आणि खिडकीतही काही बघत नव्हतं.

यंत्रात आकडा आला सहा पूर्णांक आठ. मागच्या खेपेला साडेसात होता.

"औषध पोटात जातं का?" बाईंनी विचारलं.

"रोज देते," आई म्हणाली.

"शी काळी होते?"

"होते."

"मग जातंय." बाईंनी आणखी एक थेंब काचेवर ओढला. सुट्टी व्हायला दीड तास होता. त्या दिवशी त्यांनी सुट्टीची वाट पाहिली नाही. रांग उभी ठेवून पट्टी रंगवली, वाळवली आणि भिंगाखाली धरली. मग मला खुणेनं बोलावलं.

मला त्यातलं फार कळत नाही, पण बाईंनी दाखवलं की दिसायचं. लोह कमी असलं की तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात, मधे जणू खळगा पडतो. त्या मी खूपदा पाहिल्या होत्या. इथे उलटं होतं. पेशी थोड्या, पण मोठमोठ्या, अंडाकृती. आणि पांढऱ्या पेशीच्या पोटातलं केंद्रक, ज्याचे एरवी तीन-चार तुकडे दिसतात, त्याचे इथे सहा, कुठे सात.

"हे लोहाचं दुखणंच नाही," बाई म्हणाल्या. "बी-बारा जीवनसत्त्व नाहीये या पोराच्या अंगात. रक्तही त्यावाचून बनत नाही आणि मेंदूही वाढत नाही. आपण तीन महिने भलत्याच दाराची कडी वाजवतोय."

त्यांनी आकड्याखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'पेशी मोठ्या. बी-बाराची कमतरता असावी. तपासावे.' कागद आईच्या हाती दिला. पाच मिनिटांत तो परत आला. साहेबांनी त्या ओळीवर लाल रेघ मारली होती. बाईंनी नवा कागद घेतला, तेच लिहिलं, परत पाठवला. परत रेघ. तिसऱ्या वेळी त्या स्वतः गेल्या. मागोमाग मीही गेले, कारण काहीतरी होणार हे मला कळत होतं.

"तुमच्याकडे आकडा मागितला होता," साहेब म्हणाले.

"आकडा दिला. तो खाली गेलाय."

"आई औषध देत नसेल. या बायका घरी नेतात आणि फळीवर ठेवतात."

आई तिथेच उभी होती. तिनं पिशवीतून औषधाच्या रिकाम्या बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. एक, दोन, तीन.

साहेबांनी बाटल्यांकडे पाहिलं नाही. "मूल जन्मापासूनच मंद आहे. अशी असतात. त्यांचं रक्तही असंच असतं."

"सातव्या महिन्यात बसत होता," आई म्हणाली. "टाळ्या वाजवायचा. मला बघून हसायचा. मग एकेक करून सगळं थांबलं."

"ऐकलंत?" बाई म्हणाल्या. "येत होतं ते गेलंय. जन्मापासूनचं कसं? साहेब, एकदा येऊन पट्टी बघा."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले. असते तर एव्हाना सुई दिली असती."

साहेब म्हणाले, त्यांना खोलीखोलीत हिंडायला वेळ नाही. बाई वळल्या आणि गेल्या. मला वाटलं, हरल्या. तर दोन मिनिटांत त्या व्हरांड्यातून परत येताना दिसल्या. छातीशी मायक्रोस्कोप धरलेला, वायर मागे फरपटतेय, आणि रांगेतली माणसं भिंतीला चिकटून वाट देतायत. ते जुनं धूड दोघांनी उचलायचं होतं. त्यांनी ते साहेबांच्या टेबलावर बाटल्यांशेजारी ठेवलं, वायर खोचली आणि पट्टी लावली.

"तुम्हाला यायला वेळ नाही. म्हणून तेच आणलं."

साहेब खुर्चीतून उठले आणि बाहेर निघून गेले. पण पडद्यापलीकडच्या टेबलावर छोट्या मॅडम बसत. नुकत्याच लागलेल्या डॉक्टर, आठवड्यातून दोन दिवस यायच्या आणि साहेबांसमोर सहसा बोलायच्या नाहीत. त्या पडदा सारून आल्या. भिंगावर वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच होत्या. मग त्यांनी बाळाचे हात हातात घेतले, काळवंडलेले सांधे पाहिले, आणि आईला विचारलं, "तुम्ही काय खाता?"

आई सासूकडे बघू लागली. वरचं अन्न बाळ तोंडात धरत नव्हतं, सगळं आईच्या दुधावर. आणि आई स्वतः दोन वेळा कोरडं जेवायची. घरात दूध, अंडं आलं तर ते कामावर जाणाऱ्या पुरुषांना. ती स्वतःही कामावर जात होती, पण ते घरात कोणी मोजत नव्हतं.

"बाळ अंगावर पितंय ना," सासू म्हणाली. "आईच्या दुधात काय कमी असतं?"

"आजी, दूध हिच्याच अंगातून येतं," बाई म्हणाल्या. "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

त्यांनी आईचंही रक्त घेतलं. तिच्याही पेशी तशाच मोठ्या निघाल्या. छोट्या मॅडमनी दोघांचं रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. निकालाला दहा दिवस लागणार होते. तोवर थांबायचं नाही असं ठरवून त्यांनी बी-बाराची लहान मात्रा लिहिली आणि खाली स्वतःची सही केली. पहिलं इंजेक्शन मी दिलं. बाळ रडलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंना मेमो आला. कामाच्या मर्यादेबाहेर जाणं, वरिष्ठांचा अवमान, सरकारी उपकरण हलवणं. बाईंनी तो वाचला आणि मायक्रोस्कोपच्या खाली घातला. टेबल जरा डगमगत होतं.

तिसऱ्या दिवशी बाळाची थरथर वाढली. हात, ओठ, जीभसुद्धा. सासू घाबरली, आणि खरं सांगते, मीही. सासूनं बाळाला उचललं. "सुईनं केलं हे. आधी नुसतं गप्प होतं. चल घरी."

छोट्या मॅडम त्या दिवशी नव्हत्या. बाई खोलीतून आल्या. "मॅडमनी मला आधीच सांगून ठेवलंय, सुरुवातीला थरथर वाढू शकते. वाढली तरी पुढे उतरते."

"शकते म्हणजे? तुम्ही खात्री देता?"

बाई म्हणाल्या, "नाही देत. पण घरी नेलंत तर काय होईल त्याची देते."

सासू दाराकडे निघाली. तेव्हा आई, जी आजवर सासूपुढे मान वर करून बोलली नव्हती, ती बाकावर बसली. नुसती बसली आणि दोन्ही हात पुढे केले. "द्या त्याला इकडे. मी नाही येणार. तुम्ही जा हवं तर."

सासू दारात उभी राहिली. मग परत आली, बाळ आईच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं कागदात गुंडाळून दोन उकडलेली अंडी आणली, आणि सून ती संपवेपर्यंत तिच्यासमोरून हलली नाही. "चाव नीट," एवढंच म्हणत होती.

सहाव्या दिवशी मी इंजेक्शन द्यायला वाकले, तर बाळानं आधी माझ्याकडे पाहिलं. नीट, ओळखल्यासारखं, आणि संशयानं. सुई लागताच असा टाहो फोडला की व्हरांड्यातली माणसं डोकावली, आणि एक लाथ माझ्या मनगटावर बसली. सिरिंज खाली पडता पडता राहिली. बाई धावत आल्या. "मारलं का? जोरात मारलं का?" मी मनगट दाखवलं. त्या म्हणाल्या, "शाब्बास," पण मला नाही, बाळाला. दहाव्या दिवशी प्रयोगशाळेचा कागद आला तेव्हा तो वाचायचीही गरज उरली नव्हती. थरथर जायला तीन आठवडे लागले, रक्त भरायला दोन महिने, आणि बसायला त्याहून थोडे अधिक. पुढे रक्त भराभर बनू लागलं तसं लोहही लागलं, तेही दिलं.

गोष्ट इथे संपली असती तर बाई सुखानं राहिल्या असत्या. पण त्यांना पलंगाखालच्या पेट्या आठवल्या. हुकमानंतर सुट्टीत केलेल्या दोन वर्षांच्या पट्ट्याही त्यांतच होत्या, प्रत्येकीवर क्रमांक. आठवडाभर त्या घरून एकेक पेटी आणून बघत राहिल्या. एवढ्या साऱ्या पट्ट्यांत जवळजवळ सगळीकडे लोहाचीच कमतरता होती. साहेब तेवढ्यापुरते बरोबर होते, हेही बाईंनी मला सांगितलं. पण अकरा पट्ट्यांत मोठ्या पेशी होत्या. "या मीच पाहिल्या होत्या, सिस्टर," त्या म्हणाल्या. "पाहिल्या, लिहिलं नाही. हुकूम होता म्हणून." त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

रविवारी आम्ही दोघी त्या मुलांचे पत्ते घेऊन निघालो. अकरापैकी आठ मुलं सापडली. पाच आधीच थोडी सावरली होती, वरचं दूध सुरू झालं होतं म्हणून. दोघांना छोट्या मॅडमनी इंजेक्शनं दिली आणि ती भरभर सुधारली. आठवी होती साडेतीन वर्षांची एक मुलगी. तिचं रक्त सुधारलं, ती चालायलाही लागली. बोलणं मात्र फार मागे राहिलं, अजूनही आहे. तिच्या वडिलांनी बाईंना विचारलं, "आधी का नाही आलात?" बाईंनी मान खाली घातली. त्यांना मान खाली घालताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

मग चौकशी बसली. वरून दोन अधिकारी आले. साहेबांनी तोडगा काढला होता, बाईंनी माफीनामा लिहून द्यायचा आणि सगळं मिटवायचं. मजकूर टाईप करून ठेवलेला होता. अनधिकाराने निदान केले, खेद वाटतो, पुन्हा होणार नाही. सही केली असती तर रखडलेली बढतीही मिळाली असती. हे त्यांना सगळ्यांनी सांगितलं, मीसुद्धा सांगितलं.

बाईंनी कागद वाचला, पेन घेतलं आणि 'पुन्हा होणार नाही' यातला 'नाही' खोडून टाकला. मग अधिकाऱ्यांपुढे अकरा पट्ट्या ओळीनं मांडल्या. "खेद वाटतो, ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "या अकरांबद्दल वाटतो. तेवढं लिहून द्या, मी आत्ता सही करते."

तसं कोणी लिहून दिलं नाही. बढती मिळाली नाही, मेमोही मागे घेतला गेला नाही. मात्र महिन्याभरानं वरून पत्र आलं. लहान मुलाचा आकडा आठाच्या खाली गेला, किंवा महिनाभर लोह देऊनही वाढला नाही, तर काचपट्टी करून वाचलीच पाहिजे. पत्रात बाईंचं नाव कुठे नव्हतं. साहेबांनी ते पत्र स्वतःच्या सहीनं भिंतीवर लावलं. बाई पुढे नऊ वर्षं त्याच हुद्द्यावर राहिल्या, रांगेतल्या प्रत्येक आईला 'पेशी लहान की मोठ्या ते विचारत जा' असं बजावत राहिल्या, आणि त्याच हुद्द्यावरून निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं, तेव्हा बाईंनी डावा कान पुढे केला होता.

आता त्या खोलीत एक तरुण मुलगा बसतो. हुशार आहे, पण घाईत असतो. परवा मी माझ्या नातीला घेऊन गेले, तर माझ्यापुढे एक बाई उभी होती, कडेवर फिकट पोर. त्यानं खिडकीतून कागद सरकवला. ती हलली नाही.

"आकडा कळला," ती म्हणाली. "पेशी कशा आहेत, लहान की मोठ्या?"

"ते डॉक्टर बघतील. पुढे व्हा."

"तुम्ही आधी बघा. मी थांबते."

तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि खिडकीला टेकून उभी राहिली. तिच्यामागच्या बायकाही पुढे सरकल्या नाहीत. त्यानं आमच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि काचेची एक पट्टी घेतली.