तारकर्लीचा समुद्र आणि फॉर्मवरचं माझं 'नाही'

नागपुरात बसून कुणी समुद्रात बुडी मारायला शिकवतो म्हणाला, तर शहाण्या माणसाला आधी संशय यायला हवा. मला आला. माझ्या मोठ्या नणंदेला, उमरेडला शाळेत शिकवणाऱ्या शोभाताईंना, तो आला नाही. त्यांचा थेट फोनच आला: "ज्योती, दोघींचं नाव देऊन टाकलं वं मी. जोडीदार लागते त्यात."

क्लब म्हणजे धरमपेठेत झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. शिकवणारे राजेशसर बरीच वर्षं अंदमानात बुड्या मारून नागपूरला परतले होते. ते का परतले, हाही मला संशयच. फी प्रत्येकी अठ्ठावीस हजार. त्यात दोन दिवस वर्ग, चार दिवस स्विमिंग पूल, तारकर्लीला समुद्रात चार बुड्या, सगळं सामान आणि प्रमाणपत्र. प्रवास, राहणं, जेवण आपलं आपण. हे सगळं मी कागदावर लिहून घेतलं, तुम्हीही घ्या. सिलिंडरवर तपासणीची तारीख कोरलेली असते, ती पाहिली. आतल्या हवेचा वास घेतला. काहीच वास आला नाही, आणि येऊही नये म्हणे.

"मॅडम, एवढं तर माह्या सासऱ्यानं मले पाहताना नव्हतं तपासलं," सर म्हणाले.

मग आरोग्याचा फॉर्म आला. दमा आहे किंवा कधी होता का? 'हो' म्हटलं तर डॉक्टरचं पत्र हवं.

मला दमा आहे, लहानपणापासून. लग्न ठरताना आईनं बजावलं होतं, कोणी विचारलं तर नाही म्हणायचं. नवऱ्याला मी पुढे सांगितलं, सासरी बाकी कुणालाच नाही. हिवाळ्यात कधी पंप ओढावा लागतो, तो मी बाथरूममध्ये नळ सोडून ओढते. आता ताई शेजारीच बसून फॉर्म भरत होत्या. शिवाय डॉक्टर सरांच्याच ओळखीचा असणार, त्याचं कमिशन ठरलेलं असणार, असंही मला वाटलं. मी 'नाही'वर खूण केली. बावीस वर्षांचा सराव होता, हात अडखळला नाही.

पुलात मजा आली, हे कबूल करते. नाक दाबून कानातला दाब काढायचा, मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकानं फुंकून बाहेर घालवायचं. सगळ्यात अवघड होतं जोडीदाराची हवा घेणं. आपली संपली असं समजून खूण करायची, मग तो त्याच्या सिलिंडरची दुसरी नळी देतो. ताईंची नळी तोंडात धरून मी तळाशी बसले, तेव्हा त्यांनी माझा दंड असा घट्ट पकडला होता की संध्याकाळी वळ दिसले. छाती एकदा भरून आली होती. क्लोरीनमुळे असेल, असं मी सांगितलं.

जानेवारीत निघालो. नागपूर–मडगाव गाडी रोज नसते, तेव्हा तारीख आधी बघा. जवळजवळ एक दिवस लागतो. कुडाळला उतरून तारकर्लीपर्यंत रिक्षा आठशे रुपये, तीही बाराशेवरून घासाघीस करून. खोली दोघींत दीड हजार, सुरमईची थाळी साडेतीनशे. तुकडा सुरमईचाच आहे ना, हे मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारल्यावर मालकीणबाईंनी मला स्वयंपाकघरात नेऊन अख्खा मासाच दाखवला.

सकाळी होडी निघायच्या आधी एकमेकींचं सामान तपासायचं होतं. ताई माझा एकेक पट्टा ओढून बघत होत्या. माझ्या सिलिंडरची तोटी त्यांनी तीनदा पाहिली.

"बस झालं ना, ताई."

"माह्या हातून चूक नको व्हाले. तुह्यावर तर माहा पूर्ण भरोसा हाय वं."

तेवढ्यात सर आले आणि सगळ्यांना म्हणाले, "फॉर्मवर काही राहून गेलं असंल तर आता सांगा. मी रागावत नाही. पाण्याखाली सांगता येत नाही."

 खाली मला काही झालं असतं तर ताई मला सोडून वर आल्या नसत्या. त्या विचारानं मला खरंच भीती वाटली.

"सर, मले दमा हाय," मी म्हटलं.

सर खरंच रागावले नाहीत. माझ्या कमरेचा शिशाचा जड पट्टा त्यांनी स्वतः सोडला. "छातीच्या कोणत्याही डॉक्टरचं पत्र आणा, तुमच्याच ओळखीच्या. वर्षभर तुमच्या चार बुड्या शिल्लक राहतील." कमिशनचा विषय तिथेच संपला.

ताई मात्र लाल झाल्या. "मले काहून नाही सांगितलं? मी तुही जोडीदार नाही का?" त्या सरांबरोबर उतरल्या, दोन दिवसांत चारही बुड्या झाल्या. मी होडीत बसून त्यांचे बुडबुडे मोजले. खाली काय दिसलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. परतीच्या गाडीत नाशिक आलं तेव्हा त्यांनी अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

सक्करदऱ्याला घरी पोचले तर सासूबाई मेथी निवडत होत्या.

"कसा होता वं समुद्र?"

"मी उतरली नाही, आई. मले दमा हाय. लहानपणापासून."

"माहीत हाय," त्या म्हणाल्या आणि पुढची काडी उचलली. "तू आली त्या पहिल्याच हिवाळ्यात तुही छाती वाजलेली ऐकली. म्हणून तर तुले मागाच्या खोलीत येऊ देत नव्हती. कापसाची धूळ उडते तिथं."

तेव्हा घरात शेवटचा हातमाग चालू होता. या घरात आलेली प्रत्येक सून सुताच्या कांड्या भरायला बसली, मला मात्र सासूबाई दारातूनच परत पाठवायच्या. माझ्या हाती सूत द्यायचा यांना भरवसा नाही, असं मी धरून बसले होते. माहेरी जाऊन त्यावर कितीदा रडलेही होते.

"मग बोलल्या काहून नाही?"

"तू लपवून राहिली होती ना. म्हटलं, सांगशील तवा सांगशील."

मला हुंदका आवरेना. त्यांनी थोडा वेळ रडू दिलं, मग मेथीचं ताट माझ्याकडे सरकवलं.

"आता तो पंप डाळीच्या डब्यामागं नको ठेवू. फळी पुसताना मले दरवेळी तो होता तसाच ठेवा लागते."