टेपभाऊ आणि जांभळीखालचा म्हसोबा

आमच्या नेरे गावात सगळे त्यांना टेपभाऊ म्हणत, पण टेप ते सगळ्यात शेवटी काढायचे. आधी हात मागे बांधून बांधाने चालत जायचे, ओठ हलत असायचे, आणि टोकाला पोचले की आकडा सांगायचे. मग आम्ही टेप लावायचा. वीतभराचाही फरक पडलेला मी कधी पाहिला नाही.

सरकारी मोजणीतून निवृत्त झाल्यावर ते बांधकाम परवानगीच्या फायली करून देत. जो तो गाळे काढायला निघालेला, आणि भल्याभल्यांच्या फायली चारचारदा परत येत. भाऊंची कधी आली नाही. ऑफिसातला इंजिनीअर त्यांना आपली खुर्ची द्यायचा आणि स्वतः उभा राहायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय.

मला वर्कशॉपची शेड टाकायची होती. दोन मशिनं बसली तरच एका कंपनीचं काम मिळणार होतं. भाऊ आले, चालले, आणि जांभळीखालच्या आमच्या म्हसोबापाशी थांबले. चपला काढून हात जोडले. मग आईला विचारलं, "वैनी, देव हितं कधी आला?"

"मामंजींनी आणला. उघड्यावर भिजतुया म्हणून."

"आन् आधी कुटं व्हता?"

आईने भोळेपणाने चार पावलं अलीकडे बोट दाखवलं.

"देव हायच," भाऊ हळूच म्हणाले, "पर त्याआधी हद्दीचा दगड हाय."

आजोबांच्या भक्तीने बांधाला बांध असलेल्या आमच्या चुलत चुलत्यांची चार पावलं जमीन आमच्यात आली होती! चुलते जन्मभर हेच सांगत होते आणि आम्ही त्यांना भांडकुदळ ठरवून मोकळे झालो होतो.

"भाऊ, ह्ये कुणाला म्हाईत हाय? हाय तसाच काढा की नकाशा," मी म्हणालो.

"मला म्हाईत झालं न्हवं?" त्यांचा आवाज जराही चढला नाही. "देव ऱ्हाऊ द्या सावलीत. हद्द मातूर तिच्या जाग्याव जाईल."

शेड एका मशिनाची झाली, कंपनीचं काम गेलं. मी भाऊंशी बोलणंच टाकलं. त्यांनी मात्र फाईल पुरी केली, एका फेरीत मंजुरी आणली आणि आईच्या हातात देऊन निघून गेले.

शेडच्या पूजेला चुलते आले. वर्षानुवर्षं आमच्या उंबऱ्याला पाय न लावलेला माणूस नारळ घेऊन आला आणि म्हणाला, "वैनी, च्या टाका." आईला रडू आवरेना. भाऊंनी काय करून ठेवलं होतं ते मला तेव्हा उमगलं. मी गर्दीत त्यांना शोधायला लागलो. मग आठवलं, मी त्यांना बोलावलंच नव्हतं.

पाया पडायला जायचं ठरवलं. पण तोंड दाखवायची लाज वाटायची. उद्या जातो, परवा जातो करत राहिलो, आणि गेलो तो थेट त्यांच्या दहाव्याला.