मामंजींचा चेहरा

आमच्या मामंजींचा चेहरा मी एका मंगळवारी दुपारी, नववीच्या अकरा मुलांसमोर काढून टाकला.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची सुट्टी. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि हौसेनं फोटोग्राफीचा वर्ग सुरू केला होता. घरातला जुना फोटो आणायचा, कॅमेऱ्यानं त्याचा फोटो घ्यायचा आणि त्यातल्या माणसाची माहिती लिहायची. आपण कुठले, कुणाचे, ते कळावं म्हणून. मुलं आपापले आजोबा पिशवीत घालून आली. मी माझ्या लग्नाआधीच वारलेले सासरे नेले. (भिंतीवरून, न विचारता!) सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, कबनूरला भावाकडे गेल्या होत्या. संध्याकाळी परतणार होत्या.

काचेवर उजेड चकाकत होता. "काच काढायची, सोपं आहे," असं म्हणत मी ती उचलली. फेटा आणि कोट पुठ्ठ्यावर राहिले. चेहरा काचेला चिकटून वर आला.

कुणी हसलं नाही, म्हणून मी जास्तच घाबरले. सारिका नावाची मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तुमाला घरात घेतील न्हवं?"

घरी ब्लेडनं चेहरा सोडवायला गेले. नाकाचे तुकडे झाले, मिशी फरशीवर पडली. सासऱ्यांना केरसुणीनं गोळा करणारी मी पहिलीच सून असेन. नवऱ्याला सांगितलं, तर तो चप्पल घालून बाहेरच गेला.

आत्ती आल्या, हात जोडायला भिंतीपुढं गेल्या आणि तशाच थांबल्या. मी रडत सगळं सांगितलं.

"तोंड त्येंचं न्हवतंच," त्या म्हणाल्या.

मामंजींच्या एकुलत्या एका फोटोत ते हलल्यानं चेहरा पुसट आला होता. ते गेल्यावर स्टुडिओवाल्यानं मामंजींच्या धाकट्या भावाच्या फोटोतला चेहरा कापून तिथं चिकटवला. ते काका दर दिवाळीला येऊन त्या फोटोला, म्हणजे स्वतःलाच, नमस्कार करून जायचे.

"पंचवीस वर्षं दिराला हात जोडतोय मी," आत्ती म्हणाल्या. "आता ऱ्हायलंय तेवढं तरी त्येंचंच हाय."

त्यांनी फोटो तसाच लावून ठेवला. फेटा, कोट, मधे भोक. पाहुणे बिचकून विचारतात, चेहरा कुठं गेला? आत्ती शांतपणे माझ्याकडे बोट दाखवतात. "आमची सून. पोरास्नी फोटो काढायला शिकवती."