फाटकाशी थांबलेली माणसं

मेरेपेका मावशीला नाटकाला नेणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. पडदा उघडून दहा मिनिटं झाली नव्हती, तोवर तिने तीनदा पर्स उघडली आणि एकदा पुढच्या बाईला डोकं खाली घ्यायला सांगितलं.

"अजून किती वेळ गं, हुहाना?"

"आत्ता कुठे सुरू झालंय, मावशी."

"आपली भाषा बोललो म्हणून शाळेत पट्टीने मारलं, हेच ना? मी फुकट सांगितलं असतं."

वाइरोआ गावातला हॉल आमच्याच माओरी माणसांनी भरला होता, पण माझं मन नाटकात नव्हतंच. आमच्या मराएवर, म्हणजे गावच्या सभाघरी, बायकांनी हाक घातल्याशिवाय पाहुणा फाटकातून पाऊल टाकत नाही. पंचवीस वर्षं ती हाक मावशीची. मांसाच्या कारखान्यातली पाळी संपवून यायची, गमबूट उतरवायची आणि अशी हाक घालायची की खालच्या पुलापर्यंत ऐकू जावी. दोन वर्षांपूर्वी माझी आई गेली. सख्ख्या बहिणीच्या शवपेटीला हाक घालताना मावशीचा आवाज मध्येच फुटला आणि माणसं तशीच गवतात उभी राहिली. तुटलेली हाक आमच्यात अशुभ. तेव्हापासून ती गप्प.

तिच्या जागी हाक घालून वेळ निभावून नेणारी तिची चुलतबहीण आता लेकीकडे ऑस्ट्रेलियाला गेलीय. आणि शनिवारी रुआतोरियाहून चाळीस माणसं येणार. "घंटा बसवा," मावशी म्हणाली. मला शिकव म्हटलं, तर "मी मेले नाही अजून!" थोरलीच्या परवानगीशिवाय धाकटीने हाक घालायची नसते. ही स्वतः घालेना, मला घालू देईना. अस्सा राग येतो!

शेवटच्या प्रवेशात शहरात मेलेल्या पोराची पेटी घेऊन माणसं गावी परततात. समोर फाटक, पलीकडे अंधारं सभाघर. गाव ओस पडलंय, हाक घालायला कुणी उरलं नाही, हे नाटकवाल्यांना दाखवायचं होतं. म्हणून नट पेटी खांद्यावर घेऊन नुसते उभे राहिले. उभेच. खुर्च्या करकरायला लागल्या. कुणीतरी खाकरलं. कुणालाच बघवेना.

"कुणी बोलावत का नाही?" मावशी कुजबुजली.

"नाटक आहे, मावशी. पेटी रिकामी आहे."

"तू उघडून बघितलीस? अशी फाटकात ताटकळत ठेवतात का माणसं?"

आणि ती उठली. दोन वर्षांत न ऐकलेला तो आवाज थेट छताला भिडला. माझ्या अंगावर काटा आला. नट बावचळले. पण तेही आमचेच, बोलावणं आल्यावर थांबणार कसे? ते वळले आणि पेटीसकट पायऱ्या उतरून आमच्याकडे चालू लागले.

'तुमच्या गेलेल्यांना घेऊन या, आमच्या गेलेल्यांपाशी या.' इथवर मावशी आली आणि आवाज फुटला. आई गेली तेव्हाही इथेच फुटला होता. नट वाटेत थबकले. मावशी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता. परवानगी मागायला वेळ कुठे होता? मी उठले आणि तुटलं होतं तिथून हाक पुढे उचलली. आवाज बारीक, थरथरता, पण पेटी हलली. शेवटचा माणूस आमच्यापाशी पोचेपर्यंत मी हाक लांबवत नेली.

मग मटकन खाली बसले. मावशीचे गाल ओले होते, पण नजर करडी होती. आता सगळ्यांसमोर माझी कातडी सोलणार, असं वाटलं.

"श्वास भलत्याच जागी घेतलास," ती म्हणाली. "आणि गेलेल्यांत स्वतःच्या आईचं नाव घेतलं नाहीस. शनिवारी विसरू नकोस."